गाऱ्हाणे कोणाच्या तोंडून?



नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानासाठी कामाच्या ठिकाणचा संघर्ष हा विषय मी घेतला आहे. सप्टेंबर १८८४मध्ये लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, वेळेवर पगार आणि यंत्रावर जखमी होणाऱ्याला भरपाई, एवढेच त्यात मागितले होते. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. रविवारच्या सुटीला गिरणीमालकांच्या संघाने होकार दिला तो त्याच वर्षी १० जूनला. ज्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’च्या नावाने हे सारे झाले, तिच्याकडे सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, घटना नव्हती. कामगार संघटनांना कायद्याने अस्तित्व मिळाले ते १९२६मध्ये. तरीही मालकांना अखेर तिच्याशी बोलावे लागले, कारण हा माणूस आपल्या वतीने बोलतो हे हजारो कामगारांनी उघडपणे मान्य केले होते.

संघर्ष हाताळण्याविषयी आज पुष्कळ शिकवले जाते. शांतपणे ऐका, समोरच्याच्या जागी उभे राहून पाहा, व्यक्तीपेक्षा प्रश्नाकडे लक्ष द्या, असा उपदेश बहुतेक प्रशिक्षणांत असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दोन माणसे समोरासमोर बसली की गैरसमज दूर होतील असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात पगार, पाळ्या, बढती, कामाचा वेग आणि नोकरीची शाश्वती यांवरून होणारे तंटे बहुधा गैरसमजातून होत नाहीत. दोन्ही बाजूंना एकमेकांचे म्हणणे नीट समजलेले असते आणि तरीही त्यांचे हित वेगळे असते. असा तंटा मिटवायचा तर पहिला प्रश्न बोलण्याच्या शैलीचा नसतो. गाऱ्हाणे कोणाच्या तोंडून मांडले जाते आणि ते तोंड कोणी निवडले, हा असतो. ज्यांना तोडगा पाळायचा आहे, त्यांनी स्वतः निवडलेल्या माणसांनी तो केला असेल तरच तो टिकतो, असे माझे म्हणणे आहे. त्याला आधार म्हणून मुंबई आणि अहमदाबाद या दोन गिरणी शहरांचा अनुभव मी मांडणार आहे. दोन्हीकडे धंदा एक आणि काळ एक होता. पुढे कायदाही एकच लागू झाला.

अहमदाबादपासून सुरुवात करू. तिथे प्लेगच्या साथीत कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरण्यांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला होता. साथ ओसरल्यावर मालकांनी तो बंद करायचे ठरवले. महागाई मात्र कायम होती. विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली, मालक वीस टक्क्यांवर अडले. गांधीजींनी सहकाऱ्यांसह पगार, किमती आणि गिरण्यांची ऐपत तपासली आणि पस्तीस टक्के हा आकडा योग्य ठरवला. २२ फेब्रुवारी १९१८पासून टाळेबंदी झाली. मालकांचे पुढारी होते अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. १५ मार्चला गांधीजींनी उपोषण सुरू केले आणि १८ मार्चला समेट झाला. पहिल्या दिवशी कामगारांच्या प्रतिज्ञेप्रमाणे पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी मालकांच्या शब्दाप्रमाणे वीस टक्के आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के, असा तो तोडगा होता. त्यात दोन्ही बाजूंचा शब्द राखला गेला आणि खरा निर्णय आनंदशंकर ध्रुव या दोघांनाही मान्य असलेल्या लवादाकडे गेला. त्यांनी पुढे पस्तीस टक्के दिले. आपल्या उपोषणाचा मालकांवर दबाव पडला आणि त्या अंशी ते सदोष होते, हे गांधीजींनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. पण या लढ्याचे खरे फळ नंतर आले.

१९२० साली मजूर महाजन संघ स्थापन झाला. कातणाऱ्यांची, विणणाऱ्यांची, अशी खात्यांनुसार वेगवेगळी मंडळे आणि त्यांचे कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी, अशी त्याची रचना होती. कामगाराचे गाऱ्हाणे आधी आपल्याच खात्यातल्या प्रतिनिधीकडे जाई, मग संघाचा माणूस ते गिरणीच्या व्यवस्थापनापुढे मांडी. तिथे निकाल लागला नाही तर मालक संघ आणि अखेरीस लवाद मंडळ. सुरुवातीला त्या मंडळावर कामगारांच्या बाजूने गांधीजी आणि मालकांच्या बाजूने शेठ मंगलदास होते. वाद थांबले असे नाही. १९२३मध्ये पगारकपातीवरून अहमदाबादेतही मोठा संप झाला. पण तुटलेला धागा, खराब सूत, शिव्या देणारा मुकादम, चुकीची हजेरी अशा रोजच्या लहान तक्रारींना जवळचे दार मिळाले. तक्रार लहान असतानाच तिला उत्तर मिळाले की तिचे रागात रूपांतर होत नाही, हे या संघाने रोजच्या कामातून दाखवले.

मुंबईत हे दार नव्हते. तिथे कामगार आणि मालक यांच्यामध्ये जॉबर उभा होता. कामावर घेणे, काढणे, बदलीवर लावणे, गावाकडच्या निकडीला पैसे उसने देणे, खात्यातला तंटा तोडणे, हे सारे त्याच्या हाती. तो कामगारांच्या वाडीवस्तीतला असल्यामुळे मालकाचे त्याच्यावाचून अडे, आणि नोकरीची किल्ली त्याच्याकडे असल्यामुळे कामगाराचेही. अशा मध्यस्थाकडे त्याच्याविरुद्धच दाद मागायची वेळ आली तर कामगाराने जायचे कुठे? १९२८मध्ये गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला संप झाला आणि गिरणी कामगार युनियन वाढली, त्यामागे हा कोंडमाराही होता. सरकारने १९३४च्या कायद्याने लेबर ऑफिसर नेमला, म्हणजे कामगारांचे गाऱ्हाणे सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडून मांडण्याची सोय केली. १९३८मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्याआधीचा संप बेकायदा ठरवणारे विधेयक आणले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप केला. नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी चूक आहे, तिला गुन्हा ठरवून तुरुंगाची भीती घालणे म्हणजे माणसाला सक्तीने कामाला जुंपणे आहे, अशी त्यांची विधिमंडळातली मांडणी होती. या मांडणीत समेटाला विरोध नव्हता. ‘नाही’ म्हणण्याची ताकद काढून घेतली की समेटाला बसलेला कामगार वाटाघाटी करत नसतो, विनवणी करत असतो, हे तिचे मर्म होते. तेच आंबेडकर पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा मालकांनी संघटनांना मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक १९४३मध्ये त्यांनी मांडले. संपाचा हक्क आणि बोलणी करण्याचे बंधन या त्यांच्या दृष्टीने एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई प्रांताने १९४६चा औद्योगिक संबंध कायदा केला. त्यामागे गुलझारीलाल नंदा होते. ते मजूर महाजन संघात घडलेले, आता प्रांताचे मजूरमंत्री झालेले. अहमदाबादेत जे विश्वासातून उभे राहिले, ते सगळीकडे कायद्याने उभे करावे, हा हेतू प्रामाणिक होता. कायद्यात चांगल्या गोष्टीही होत्या. कामाच्या पद्धतीत ठरावीक प्रकारचा बदल करण्याआधी मालकाने लेखी सूचना द्यावी, संयुक्त समित्या असाव्यात, समेट आणि लवादाच्या पायऱ्या असाव्यात. पण एका शहरातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना आणि तीही गुप्त मतदानाने नव्हे, तर सभासद नोंदणीच्या आधारे ठरायची. कामगारांपैकी एक चतुर्थांश सभासद दाखवता आले की पुरे. एकदा तिला ते स्थान मिळाले की उरलेल्या तीन चतुर्थांशांच्या वतीनेही तीच बोलणार, तीच करार करणार. अहमदाबादेत हे स्थान आधीपासून खात्याखात्यांत रुजलेल्या संघाकडे गेले. मुंबईत ते राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेले, त्याला गिरणगावात तशी मुळे नव्हती. कायद्याचा साचा इथे आला, पण साच्याखालची माती अहमदाबादेतच राहिली.

याचे परिणाम वारंवार दिसले. १९५० आणि १९७४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी मान्यता नसलेल्या संघटनांच्या हाकेवर मोठे संप केले. १९८१च्या दिवाळीत बोनसच्या करारावरून असंतोष पेटला आणि कामगार डॉ. दत्ता सामंत या कामगारनेत्याकडे वळले. १८ जानेवारी १९८२पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांच्या बरोबरीने मागणी होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता रद्द करण्याची आणि तो कायदाच हटवण्याची. गिरण्यांमधले बहुसंख्य कामगार ज्याच्या मागे होते, त्याच्याशी बोलणे कायद्याने मालकांवर बंधनकारक नव्हते. ज्याच्याशी बोलणे बंधनकारक होते, त्याचे ऐकणारे कामगार संपकऱ्यांत फारसे उरले नव्हते. १८९०मध्ये लोखंड्यांकडे कागद नव्हता पण कामगारांची संमती होती. १९८२मध्ये मान्यताप्राप्त संघाकडे कागद होता आणि संमती नव्हती. वाटाघाटींचे टेबल मांडलेलेच नसताना तडजोड कुठे व्हायची? संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्यात लाखभर कामगारांची नोकरी गेली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गिरण्या काय फक्त प्रतिनिधित्वाच्या प्रश्नामुळे बुडाल्या? नाही. यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धाग्यांचे आगमन, आधुनिकीकरणाकडे मालकांनी केलेले दुर्लक्ष आणि जमिनीच्या चढत्या किमती यांनी गिरण्या आधीच पोखरल्या होत्या. संप झाला नसता तरी त्यांतल्या पुष्कळ गिरण्या तगल्या नसत्या. याचा भक्कम पुरावा अहमदाबादच देते. तिथे असा संप झाला नाही आणि तरीही १९८०च्या दशकापासून एकामागून एक गिरण्या बंद पडून हजारो कामगार रस्त्यावर आले. तेव्हा चांगली तंटानिवारण व्यवस्था धंदा वाचवते असा दावा मी करत नाही. ती एवढेच करते की संकट आल्यावर त्याला तोंड कसे द्यायचे, ओझे कोणी किती उचलायचे, भरपाई आणि पुनर्वसन कसे करायचे, हे दोन्ही बाजूंना एकत्र बसून ठरवता येते. मुंबईत ही बोलणी करू शकेल असा कामगारांचा विश्वासू आणि कायद्याला मान्य असा एकही प्रतिनिधी नव्हता. त्यामुळे गिरणगाव मोडण्याच्या काळात कामगारांचा आवाज सर्वांत क्षीण राहिला.

अहमदाबादचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो. मजूर महाजन संघाच्या महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना उभी केली. गाडी ओढणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांचे गाऱ्हाणे गिरणीच्या खात्यात बसत नव्हते. १९८१मध्ये आरक्षणविरोधी दंगलींच्या काळात इला भट्ट दलितांच्या बाजूने उघडपणे उभ्या राहिल्या आणि संघाने ‘सेवा’ला बाहेर काढले. ऐकण्याची सहा दशकांची परंपरा असलेली संस्थादेखील आपल्याच घरातला वेगळा आवाज ऐकेनाशी होऊ शकते. म्हणून प्रतिनिधीची निवड एकदाच करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

कामगारांच्या लढ्यांपासून दूर, प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत झालेल्या अभ्यासांनीही हेच सांगितले आहे. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५मध्ये न्यायनिवाड्याच्या प्रक्रियेवरचे आपले संशोधन पुस्तकरूपाने मांडले. निकाल विरुद्ध गेला तरी आपले म्हणणे मांडण्याची खरी संधी मिळाली असेल तर माणसे तो निकाल न्याय्य मानायला अधिक तयार असतात, हा त्याचा गाभा. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कंपनीचे तीन कारखाने होते. त्यांतल्या दोन ठिकाणी दहा आठवड्यांसाठी पंधरा टक्के पगार कापला गेला. एकीकडे कारणे सविस्तर सांगितली, प्रश्नांना उत्तरे दिली, खेद व्यक्त केला. दुसरीकडे थोडक्यात घोषणा करून विषय संपवला. चोरी आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण दुसऱ्या ठिकाणी कितीतरी अधिक वाढले, कपात मात्र दोन्हीकडे तेवढीच होती. यातून काही व्यवस्थापक निष्कर्ष काढतात की गोड शब्दांत सांगितले की काहीही चालून जाते. असे प्रत्येक वेळी चालत नाही. ती कपात तात्पुरती होती आणि दिलेली कारणे खरी होती. एकदा खोटे कारण दिले की पुढच्या खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

या अभ्यासांच्या कितीतरी आधी, १९२५मध्ये, व्यवस्थापनाच्या अभ्यासक मेरी पार्कर फॉलेट यांनी संघर्षातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग सांगितले: एकाची सरशी, दोघांची तडजोड आणि दोघांच्याही गरजा भागवणारी नवी मांडणी. त्यांचे एक उदाहरण दूध उतरवण्याच्या फलाटाचे आहे. टेकडीवरून खाली येणारे दूधवाले आणि पायथ्याकडून वर चढणारे दूधवाले यांच्यात आधी माल कोणी उतरवायचा यावरून एवढा वाद पेटला की सहकारी संघच मोडायची वेळ आली. फलाटाची जागा बदलून दोघांना एकाच वेळी माल उतरवता येईल अशी सोय झाली आणि वाद संपला. हे उदाहरण सुंदर आहे, पण त्याची मर्यादाही ओळखावी. प्रत्येक वादात हलवता येईल असा फलाट नसतो. शंभर रुपयांतले किती मजुरीला आणि किती नफ्याला, हा प्रश्न फलाट हलवून सुटत नाही. तिथे घासाघीस, लवाद आणि प्रसंगी संप हेच मार्ग उरतात. आणि जिथे तसा फलाट असतो, तिथेही तो हलवता येईल हे सुचते ते रोज त्यावर दूध उतरवणाऱ्याला. त्याला बोलण्याच्या बैठकीत जागा नसेल तर ती युक्ती कोणापर्यंत पोचणार नाही.

दुसरा आक्षेप स्थैर्याचा आहे. मतदानाने प्रतिनिधी निवडू दिले तर जो मोठ्या मागण्या करतो तोच निवडून येईल, संघटनांत चढाओढ लागेल, रोज नवा करार मागितला जाईल, असे १९४६च्या कायद्याचे समर्थक म्हणत आणि आजही म्हटले जाते. चढाओढ होते हे खरे. पण मतदान टाळल्याने ती संपली नाही, ती कारखान्याच्या दारात आणि रस्त्यावर आली. निवडून आलेला प्रतिनिधी करारावर सही करतो तेव्हा तो पाळला जाईल याची हमी त्याच्या मतदारांना देतो. लादलेला प्रतिनिधी अशी हमी देऊच शकत नाही. कराराची मुदत आणि पुढच्या निवडणुकीची तारीख आधी ठरलेली असली की स्थैर्यही साधते आणि चूक सुधारण्याची वाटही उरते.

तिसरा आक्षेप असा की प्रत्येक तंटा समेटाने मिटवू नये. तो मला पूर्ण मान्य आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीत ‘दोघांनी समजून घ्या’ म्हणणे म्हणजे तक्रार करणारीलाच गप्प करणे. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आणि त्यानंतरचा २०१३चा कायदा यांनी म्हणूनच वेगळी वाट घातली. तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच समेट, तोही पैशाच्या मोबदल्यावर नाही, आणि अंतर्गत समितीवर संस्थेबाहेरची व्यक्ती असलीच पाहिजे. जातीवरून होणाऱ्या अपमानालाही हाच न्याय लावला पाहिजे. सत्तेचे अंतर जेवढे मोठे तेवढी बाहेरच्या कानांची गरज मोठी. या कायद्यातले बाहेरच्या सदस्याचे तत्त्व मला इतर तक्रारींसाठीही उपयोगी वाटते. ‘माझे दार सदैव उघडे आहे’ असे सांगणारा वरिष्ठ कितीही सज्जन असो, बढती आणि वार्षिक शेरा त्याच्याच हाती असतो. हाताखालचा माणूस त्या दारातून आत जाताना हे विसरू शकत नाही.

आता आजचे चित्र पाहू. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत वर्क्स कमिट्यांची तरतूद केली होती. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९मध्ये त्यांचा आढावा घेतला. या कमिट्या बहुतेक ठिकाणी प्रभावी ठरल्या नव्हत्या. त्यांचा अधिकार केवळ सल्ल्यापुरता होता, कार्यकक्षा धूसर होती, मालकांना रस नव्हता आणि युनियनना त्या प्रतिस्पर्धी वाटत. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. दोन्ही बाजूंचे सदस्य समान आणि तीस दिवसांत निर्णय, अशी तिची चौकट आहे. एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळतो. पाठिंब्याची पडताळणी कशी करायची ते संहितेने नियमांवर सोपवले आहे. दुसरीकडे सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपाला चौदा दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकत्र घेतलेली किरकोळ रजाही संप मानली आहे. बोलण्याचे दार उघडायचे आणि ‘नाही’ म्हणण्याचे दार अरुंद करायचे, असा हा समतोल आहे. आंबेडकरांनी १९३८मध्ये विचारलेला प्रश्न त्यामुळे आजही विचारावा लागतो.

ज्यांना या चौकटीतही जागा सापडत नाही अशांची संख्या तर मोठी आहे. चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कायम कामगाराच्या शेजारी तेच काम करणारा कंत्राटी कामगार तक्रार घेऊन गेला की कंत्राटदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी कंत्राटदाराकडे. पुण्याच्या संगणक कंपन्यांत बहुसंख्यांना युनियन ही आपली गोष्टच वाटत नाही. घरपोच सेवा देणाऱ्या तरुणाचा आयडी बंद पडतो तेव्हा तो कोणी बंद केला हे विचारायलाही समोर माणूस नसतो. राजीनामा देऊन निघून जाणे एवढाच मार्ग यांच्या हाती आहे. माणसे बोलण्याऐवजी निघून जातात तेव्हा व्यवस्थापनाला शांतता लाभल्यासारखे वाटते. वास्तविक त्याला मिळू शकणारी माहितीच त्याने गमावलेली असते.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. वाटाघाटी करणाऱ्या युनियनची पडताळणी गुप्त मतदानानेच व्हावी आणि ती ठरावीक मुदतीने पुन्हा व्हावी. तक्रार निवारण समितीत कामगारांचे सदस्य कामगारांनी निवडलेले असावेत, तिच्यावर बाहेरची एक निःपक्षपाती व्यक्ती असावी आणि प्रत्येक तक्रारीला कारणांसह लेखी उत्तर मिळावे. कंत्राटी कामगाराला तो जिथे प्रत्यक्ष राबतो तिथल्याच समितीपुढे जाता यावे. मुकादम, सुपरवायझर, टीम लीड यांना लहान तक्रार जागीच सोडवण्याचा अधिकार असावा, कारण बहुतेक वाद तिथेच जन्मतात. आणि शांततामय संपाला गुन्हा मानू नये. यात मालकाचे नुकसान नाही. ज्याच्या सहीला किंमत आहे अशा प्रतिनिधीशी केलेला करार हीच उद्योगाला मिळू शकणारी सर्वांत भरवशाची शांतता आहे. मुंबईने तिच्या अभावाची किंमत एकदा मोजली आहे. ती पुन्हा मोजावी लागू नये, ही जबाबदारी कायदे करणाऱ्यांची, उद्योग चालवणाऱ्यांची आणि संघटना बांधणाऱ्यांची सारखीच आहे.